जुन्या ट्रॅक्टरच्या मागच्या हाउसिंगला ९० नंबर की वेट ब्रेक ऑइल?

गिअर, डिफरन्शियल आणि लिफ्टचा पंप एकाच तेलात चालणारा जुना ट्रॅक्टर असेल, तरच हा प्रश्न येतो. हायड्रॉलिकची टाकी वेगळी असेल तर ज्याचं तेल त्याला. मी दोन्ही वापरून पाहिली आहेत.

नुसत्या गिअरचा विचार केला तर ९० नंबरला, म्हणजे जाड गिअर ऑइलला, नाव ठेवायला जागा नाही. दातांवर जाड थर बसतो, घरघर कमी होते आणि झिजलेल्या सीलमधून तेल कमी पाझरतं. ड्राय ब्रेक, म्हणजे तेलात न बुडणारे, असतील तर ही शेवटची गोष्ट फार मोलाची, कारण एक्सलचं सील गळलं की तेल थेट ब्रेकच्या लायनरवर येतं आणि ब्रेक लागत नाहीत. फक्त घेताना डब्यावर जीएल-४ ही प्रत बघून घ्या. जीएल-५ मधली गंधक-फॉस्फरसची रसायनं पितळी बुशांना सहसा मानवत नाहीत.

माझं मन फिरलं ते थंडीतल्या सकाळी. लिव्हर पूर्ण वर, तरी नांगर जागचा हलेना आणि सीटखालून पंपाचं कण्हणं सुरू. तेल तापलं की तोच नांगर सरसर वर. पंपात काही बिघाड नव्हता. गारठ्यात तेल इतकं घट्ट होई की जाळीतून ओढलंच जात नसे, आणि पंप कोरडा फिरे. हे रोज होत राहिलं तर चांगला पंपही झिजणारच. अशा वेळी बरेच मिस्त्री आधी पंप खोलायला सांगतात. मी आधी तेल बघेन.

वेट ब्रेक ऑइल, म्हणजे डब्यावर युटीटीओ लिहिलेलं, गिअर, लिफ्ट आणि तेलातले ब्रेक या सगळ्यांना एकच चालणारं तेल, भरल्यावर तो आवाज गेला. मोजमाप केलेलं नाही, कानाने सांगतोय. डब्यावरचं १०डब्ल्यू-३० वाचून काही जण बिचकतात. पण तो आकडा इंजिन ऑइलच्या मापाचा आहे. त्या मापाने ९० नंबर साधारण ४०-५० च्या घरात येतं. म्हणजे नवं तेल पातळ खरंच, पण आकड्यांवरून वाटतं तितकं नाही.

ब्रेक तेलातले असतील तर ९० नंबरचा विचारच नको, ते करकरतात. ब्रेक ड्राय, सील जुनी आणि लिफ्टचं काम उन्हं वर आल्यावरच, असं असेल तर ९० नंबर राहू द्यायला हरकत नाही. बाकीच्यांनी, माझ्या मते, सीलचा खर्च करून तेल बदलावं.

बदलण्याआधी ब्रीदर, म्हणजे हाउसिंगमधली हवा बाहेर सोडणारी वाट, साफ करा. तो तुंबला की आत दाब वाढतो आणि चांगलं सीलही गळतं. तेल दुधाळ दिसलं तर गिअर लिव्हरचं रबर तपासा, बहुतेक पाणी तिथूनच शिरतं. जुनं तेल गरम असतानाच काढा, दोन्ही मिसळू नका. नवं तेल आतला जुना गाळ सोडवतं, त्यामुळे थोडं काम झालं की जाळी पुन्हा एकदा काढून धुवा.