खजुरी बाजारातलं स्वस्त '१९८४' : घेण्याआधी मागून उघडा

इंदूरच्या राजवाड्याजवळच्या खजुरी बाजारात जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' ही कादंबरी गाइडांच्या शेजारी थप्पीनं मिळते. 'भिया, ओरिजिनल है,' असं दुकानदार सांगतो, आणि ते अगदीच खोटं नसतं. ऑर्वेल जानेवारी १९५० मध्ये वारला. आपल्याकडे त्यानंतर ६० वर्षं कॉपीराइट, म्हणजे तो २०१० अखेर संपला. आता कोणीही छापावं, आणि कोणीही छापतं. गोम इथेच आहे.

तिसऱ्या भागाचं सहावं प्रकरण संपलं की पुढे 'न्यूस्पीक'वरचं, म्हणजे कादंबरीतल्या सरकारी भाषेवरचं परिशिष्ट हवं. नसेल तर पुस्तक ठेवून द्या. अमेरिकेतल्या एका बुक क्लबनं ते गाळायला सांगितलं होतं, ऑर्वेल बधला नाही. परिशिष्ट भूतकाळात आहे, साध्या इंग्रजीत आहे. त्यावरून कादंबरीतली हुकूमशाही राजवट पुढे कधीतरी कोसळली असावी, असं वाचता येतं. ही एवढीच फट लेखकानं ठेवली आहे, ती बुजवलेली प्रत फुकट मिळाली तरी नको.

परिशिष्टाआधीच्या त्या सहाव्या प्रकरणात नायक विन्स्टन टेबलावरच्या धुळीत बोटानं २+२=५ लिहितो. जुन्या ब्रिटिश छपाईत हा ५ गळाला होता, १९८७ च्या दुरुस्त आवृत्तीत परत आला. तिथे कोरी जागा दिसली तर समजा, मजकूर जुन्या प्रतीवरून उचललाय. पहिल्या प्रकरणातली तळटीपही बघा. फाइल नीट न तपासता छापली, की ही टीप कादंबरीतल्या सत्य मंत्रालयाच्या वर्णनात मध्येच घुसते.

टाइप बारीक आहे का, हे दुसऱ्या भागाच्या नवव्या प्रकरणावर ठरवा. राजवटीचा शत्रू गोल्डस्टाइन, त्याचं पुस्तक तिथेच आहे आणि डोळे तिथेच थकतात. बाइंडिंग गोंदाचं असतं, मधोमध पूर्ण उलगडलं की पानं सुटतात.

मजकूर शाबूत असेल तर या किमतीत तक्रार नाही. टेलिस्क्रीनच्या, म्हणजे घरात पाळत ठेवणाऱ्या पडद्याच्या नजरेआड कोनाड्यात बसून डायरी उघडणारा विन्स्टन पिवळ्या कागदावरही तितकाच घाबरवतो. एरवी त्या पडद्यातून आत्ता कोणी आपल्यावर नजर ठेवतंय की नाही, हे कळायची सोयच त्याला नाही.

अशाच भयावह भविष्याचं, ऑल्डस हक्सलीचं 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' २०२४ पासून कॉपीराइटमधून मोकळं झालंय, तेही बिनधास्त घ्या. मार्गारेट अ‍ॅटवुडबाई मात्र हयात आहेत. त्यांच्या 'हँडमेड्स टेल'ची प्रत फारच स्वस्त असली तर ती पायरेटेड समजा. आणि ई. एम. फॉर्स्टरच्या कथांचा संग्रह जुन्या पुस्तकांत सापडला तर 'द मशीन स्टॉप्स' त्यात आहे का बघा. जमिनीखाली एकेकट्या खोलीत बसून पडद्यावरून बोलणाऱ्या माणसांची ही कथा १९०९ ची, आणि तिचा लेखक १९२१ मध्ये इथल्याच देवासला महाराजांचा खासगी सचिव होता.