गॅरेटचा १४ इंची ग्रॅव्हिटी ट्रॅप पॅन: नवख्यांसाठी हाच घ्या

कॅलिफोर्नियात नदीच्या वाळूतून सोनं धुवायचं, तर पहिली खरेदी हीच असावी. गॅरेट कंपनीचा हा पॅन म्हणजे सोनं धुवायची पसरट थाळी, हिरव्या प्लास्टिकची. त्यामुळे काळी वाळू आणि पिवळा कण दोन्ही उठून दिसतात. लोखंडी पॅन गंजतो, शिवाय त्यात चुंबक वापरता येत नाही.

खरी करामत एका बाजूच्या काटकोनी खाचांची: तळाशी बसलेलं सोनं त्या अडवतात. पाण्याची घनता १ धरली तर सोन्याची १९.३, मॅग्नेटाइटची (काळ्या वाळूतलं लोहखनिज) ५.२, साध्या वाळूची २.६५. सराफकट्ट्यावर दुकानांतली धूळ धुऊन सोनं काढणाऱ्या झारेकऱ्यांचं तत्त्वही हेच: जड ते तळाशी.

नवा पॅन आधी भांड्यांच्या साबणाने चांगला घासा. तेलकटपणा राहिला तर बारीक सोनं चक्क पाण्यावर तरंगतं आणि वाहून जातं. माल अर्धा इंची जाळीतून चाळा, पॅन पाऊण भरा, पाण्याखाली धरून चिकणमातीचे गोळे हातानेच फोडा. मग आडवा जोरात हलवा. खाचा पलीकडे ठेवून पॅन कलता करा, वरचा थर पाण्याबरोबर जाऊ द्या, पुन्हा हलवा. बहुतेक जण हलवण्याआधीच गोल फिरवायला लागतात. सोनं तळाशी बसलेलंच नसतं, ते वाळूबरोबर निघून जातं.

उणीव एकच. काळ्या वाळूने खाचा भरल्या की त्या काही अडवत नाहीत. पॅन सपाट करून पुन्हा हलवावा लागतो. शेवटी वाळू वाळवून, चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फिरवा. उचललेली वाळू मात्र लगेच फेकू नका, तिच्यात कण अडकलेले असतात.