आयसोलेशनच्या नावाखाली ऑटो ट्रान्सफॉर्मर विकतात, जपून!

व्हॉल्व्हचे (काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्यांचे) अॅम्प्लिफायर आणि जुने रेडिओ तपासायला घरी टेबल मांडत असाल, तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे मेन्सशी थेट जोडणी न ठेवता वेगळ्या वाइंडिंगमधून (तारेच्या वेटोळ्यातून) वीज देणारा, डोळ्यांत तेल घालून घ्या. नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका दुकानदाराने मला धडधडीत फसवलंय.

दुकानात दाखवलेला नग चोख होता. इनपुट आणि आउटपुटमध्ये मीटर लावून पाहिलं, कंटिन्युइटी (तारेची सलग जोडणी) नव्हती, म्हणजे दोन्ही वाइंडिंग वेगळी. पैसे दिल्यावर मालक म्हणाला, "भाऊ, हा दाखवायचा पीस आहे, तुम्हाला गोडाऊनातून सीलबंद देतो." तो खोका उचलतानाच हलका लागला. घरी प्लग लावण्याआधी मीटर धरलं, तर बझर वाजला, म्हणजे आत जोडणी होती. झाकण उघडलं. आत इनपुट-आउटपुटला मिळून एकच वाइंडिंग, म्हणजे ऑटो ट्रान्सफॉर्मर, आणि तारेचं इनॅमल खरवडल्यावर तांब्याऐवजी पांढरं अॅल्युमिनियम. बाहेरच्या स्टिकरवर मात्र ठळक अक्षरांत 'आयसोलेशन'.

पैशांपेक्षा मला संताप याचा आहे, की हा जिवाशी खेळ आहे. यूसीएल82, यूवाय85 अशा व्हॉल्व्हच्या बऱ्याच जुन्या सेटमध्ये मेन्सपासून वेगळं करणारा ट्रान्सफॉर्मरच नसतो. मेन्सची एक तार थेट चेसिसला (सेटच्या धातूच्या सांगाड्याला) जाते. प्लग उलटा बसला की अख्ख्या चेसिसवर 230 व्होल्ट. वर ऑसिलोस्कोपच्या (सिग्नल पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राच्या) प्रोबची ग्राउंड क्लिप बहुधा अर्थला जोडलेली असते. ती अशा चेसिसला लावली की फेज सरळ अर्थवर, भडकाच उडायचा. खरं आयसोलेशन असेल तर हे टळतं. ऑटो ट्रान्सफॉर्मर यातलं काहीच अडवत नाही. डिमरस्टॅट (नॉब फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करणारा) हाही ऑटो ट्रान्सफॉर्मरच असतो, तो 'सेफ्टीसाठी' म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका.

परत गेलो तर मालकाने हात वर केले. बिलावर नुसतं 'ट्रान्सफॉर्मर 1 नग' लिहिलेलं, आणि स्टिकर म्हणे कंपनीने लावलं! स्टिकरचे, उघड्या वाइंडिंगचे फोटो काढून ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली आहे. तिथे दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही. तुम्ही घ्याल तेव्हा बिलावर 'आयसोलेशन, कॉपर वाइंडिंग' आणि व्हीए (तो किती लोड पेलतो ते) लिहून घ्या, आणि जो नग घरी न्यायचा त्यालाच काउंटरवर मीटर लावा.

आधीच घेऊन ठेवला असेल तर आजच प्लग काढा. इनपुटच्या फेज-न्यूट्रल पिनांपैकी प्रत्येक पिन आउटपुटच्या दोन्हींशी तपासा. एकदाही बझर वाजला, तर तो टेबलावरून उचला.