गरोदरपणासाठीचा सुगंधी तेलांचा संच: लव्हेंडर घ्या, बाकी राहू द्या

ठाण्यात राम मारुती रोडवरच्या एका दुकानात गरोदर बायकांसाठी तेलांचा संच मिळतो: लव्हेंडर, संत्रं आणि क्लॅरी सेज, प्रत्येकी 10 मिली. लव्हेंडरची बाटली उत्तम आहे. गडद तपकिरी काच, लेबलवर लॅव्हॅन्ड्युला अँगस्टिफोलिया हे वनस्पतीचं नाव, बॅच नंबर, एकेक थेंब पडेल असं बूच. क्लॅरी सेज (एका झुडपाच्या फुलांचं सुगंधी तेल) मात्र या संचात नकोच होतं. ते गर्भाशय आकुंचन पावायला लावू शकतं, म्हणून गरोदरपणात टाळायला सांगतात. पहिले तीन महिने तर कुठलंच सुगंधी तेल न वापरलेलं बरं.

सोबतच्या कागदावर '10 मिली खोबरेल तेलात 10 थेंब' असं छापलंय. साधारण 20 थेंबांचा 1 मिली होतो, म्हणजे हे पाच टक्के झालं! एक टक्का पुरे, म्हणजे 2 थेंब. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून 24 तास थांबा. डिफ्युझरमध्ये (वास हवेत पसरवणाऱ्या यंत्रात) 100 मिली पाण्याला 2-3 थेंब, 15-20 मिनिटं, खिडकी उघडी ठेवून. बंद खोलीत रात्रभर चालू राहिला की डोकं चढतं, मळमळ वाढते. पोटात थेंबभरही घ्यायचं नाही. दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

बूच सैल राहिलं की लव्हेंडरमधलं लिनालूल हे सुगंधी द्रव्य हवेने बिघडतं, मग तेच तेल त्वचेला खाज आणतं. बाटली घट्ट लावून थंड, अंधाऱ्या कपाटात ठेवा.

वासाने झोपेआधी जरा हलकं वाटतं, एवढंच. उदासी दोन आठवडे हटली नाही, तर डॉक्टरांना सांगा किंवा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा.