चौदा आणे : वाघोटण खाडीकाठच्या एका घरगुती निवासाचे परीक्षण

आम्ही रत्नागिरीत राहतो आणि आमच्या दोन्ही मुलींचे शिक्षण घरीच होते. थोरली अकरा वर्षांची आहे आणि चौदा पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या दहावीला बसण्याचा तिचा विचार आहे. धाकटी सात वर्षांची असून तिचा अद्याप कोणताच विचार नाही. होमस्कूलिंग करणाऱ्या कुटुंबांना ‘अनुभवातून शिक्षण’ विकणारी ठिकाणे हल्ली कोकणात बरीच झाली आहेत, आणि त्यांपैकी चार-पाच ठिकाणी पैसे घालवल्यावर माझी एकच कसोटी उरली आहे: तेथे मुलांच्या हाती खरे काम येते का, म्हणजे जे चुकले तर कोणाचे तरी काहीतरी बिघडेल असे काम. देवगड तालुक्यात, वाघोटण खाडीच्या काठी, विजयदुर्गापासून फार दूर नसलेल्या एका घरगुती निवासात आम्ही यंदा अक्षय्य तृतीयेपासून षष्ठीपर्यंत राहिलो, आणि त्याचे हे परीक्षण त्याच कसोटीवर केले आहे. घर लहान आहे, मालक वयस्क आहेत आणि काही तक्रारीही लिहायच्या आहेत, म्हणून घराचे नाव मुद्दाम देत नाही.

घर जांभ्या चिऱ्याचे आणि कौलारू आहे. पाहुण्यांसाठी तीन खोल्या, पुढे सारवलेले खळे, मागे आमराई आणि आमराईच्या टोकाला आंबे भरण्याचा मांगर. माणशी दिवसाला अकराशे रुपये, मुलांना निम्मे, त्यात दोन वेळचे जेवण आणि सकाळची पेज. घर चालवणारे काका सत्तरीचे आहेत आणि त्यांच्या आई, ज्यांना मुलींनी पहिल्या तासाभरातच ‘आजी’ करून टाकले, त्या नव्वदीकडे झुकलेल्या असूनही स्वयंपाकघराची सत्ता त्यांनी सोडलेली नाही.

आधी तक्रार. आरक्षण करताना आमच्याकडून प्रत्येक मुलीमागे चारशे रुपये ‘शैक्षणिक उपक्रम शुल्क’ म्हणून घेण्यात आले. ही कल्पना काकांच्या शहरात राहणाऱ्या पुतण्याची असून त्याबदल्यात एक छापील पुस्तिका आणि रंगीत खडू मिळतात. पुस्तिकेत सूचिपर्णी झाडाचे चित्र रंगवायला दिले होते, आणि ‘मे महिन्यात शेतकरी काय करतो?’ या प्रश्नाच्या चार पर्यायांपैकी ‘विश्रांती घेतो’ या पर्यायावर खूण अपेक्षित होती. त्याच वेळी मागच्या मांगरात पहाटे पाचपासून सात माणसे घाम गाळत होती आणि दुपारी तीनला पेट्या न्यायला टेम्पो यायचा होता. थोरलीने पुस्तिका मिटून ती काकांना परत दिली; काकांनी ती न उघडता कपाटावर ठेवली, जिथे तशाच आणखी काही पुस्तिका दिसत होत्या. हे शुल्क घेऊ नये असे मी काकांना स्पष्ट सांगितले आहे, कारण ज्यासाठी पैसे द्यावेत असे वाटले ते सगळे या शुल्काच्या बाहेर होते.

मांगरात मुलींना कोणी ‘दाखवले’ नाही. हात कमी होते म्हणून कामाला लावले. धाकटीला पाण्याने भरलेले घमेले आणि शंका असलेल्या फळांची टोपली मिळाली. फळ पाण्यात सोडायचे; बुडाले तर तयार, तरंगले तर कोवळे. असे का होते हे तिला कोणी सांगितले नाही आणि मी सांगू लागले तेव्हा थोरलीने मला कोपराने ढोसले, ते योग्यच झाले, कारण तासाभराने धाकटी स्वतःच म्हणाली की बुडणारा आंबा त्याच्याएवढ्या पाण्यापेक्षा जड असला पाहिजे. थोरलीकडे झेला आला. बांबूच्या टोकाला जाळी आणि पाते असलेला हा झेला वरवर सोपा दिसतो, परंतु फळ देठासह उतरले पाहिजे. देठ तुटला तर चीक सालीवर ओघळतो, डाग पडतो आणि ते फळ पेटीतून बाद होते. पहिल्या अर्ध्या तासात तिने अकरा आंबे काढले, त्यातील चार बिनदेठाचे आणि तीन कोवळे. काकांनी ती सातही फळे तिच्यासमोर वेगळी ठेवली आणि कसलीही समजूत न घालता म्हणाले, “ही विकूची नाय.” रागावणे नाही, शाबासकी नाही. ती दिवसभर गप्प होती आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मला न उठवता मांगरात गेली.

आंबा केव्हा काढायचा याचे काकांचे माप आण्यांत आहे. “चौदा आणे झालो काय काढूचो, सोळा आणे झालो तर पेटीत पिकतलो आणि वाटेत कुजतलो.” १९५७ साली दशमान नाणी आली, त्यानंतर जन्मलेल्या तीन पिढ्यांनी आणा खर्च केलेला नाही, तरी आमराईत तो अजून चालतो. फळाचे खांदे देठाच्या वर आले आहेत का, देठाजवळ खळगा पडला आहे का, गडद हिरवा रंग फिकटला आहे का, यावरून हे आणे मोजले जातात. थोरलीने त्याच रात्री वहीत चौदाला सोळाने भागून ८७.५ टक्के काढले आणि मांगराच्या भिंतीवर चिकटवलेल्या जुन्या कृषी पत्रकात ‘८५ टक्के तयार’ असे वाचून विचारले की मधले अडीच टक्के कुठे गेले. काकांचे उत्तर होते, “ता माका ठावक नाय.”

हे वाक्य आम्ही त्या मुक्कामात पुष्कळदा ऐकले आणि माझ्या लेखी तेच या घराचे सर्वांत मोठे बलस्थान आहे. पर्यटकांना माहिती देणाऱ्या माणसाला सगळे ठाऊक असावे लागते. काकांना तशी गरज वाटत नाही. ठाऊक नसेल तर ते कोणाला विचारावे एवढे सांगतात आणि कामाला लागतात. मांगरात पेट्या भरणाऱ्या नेपाळी कामगारांपैकी एकाने थोरलीला गवत कसे पसरावे ते शिकवले आणि ती फळे मोजू लागली तेव्हा आपल्या भाषेत एक, दुई, तीन, चार, पाँच असे मोजून दाखवले. दोघांच्या आकड्यांतील साम्याने दोघेही सारखेच चकित झाले. हा प्रसंग कोणत्याही पॅकेजमध्ये घालता येणार नाही.

भरती-ओहोटीचा धडाही असाच अनपेक्षितपणे मिळाला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशोब काकांनी सहज सांगितला: तृतीयेला सव्वादोन, चतुर्थीला तीन, पंचमीला पावणेचार, षष्ठीला साडेचार. थोरलीने घरामागच्या धक्क्याशी बांबू रोवला आणि चारही दिवस दुपारी त्यावर कोयत्याने खूण केली. दोन गोष्टी तिच्या लक्षात आल्या. पाण्याची खूण रोज आदल्या दिवसापेक्षा खाली येत होती, म्हणजे अमावास्येचे उधाण ओसरून पाणी भांगाकडे, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीकडे, चालले होते. आणि वेळ मात्र हिशोबाशी तंतोतंत जुळत नव्हती, रोज वीस-पंचवीस मिनिटांचा फरक पडत होता. काकांनी नेहमीचे उत्तर देऊन तिला होडीवाल्याकडे पाठवले. त्याने सांगितले की हा हिशोब अंदाजाचा आहे, बंदरागणिक भरतीची वेळ बदलते आणि खाडीत आत शिरावे तसा आणखी फरक पडतो, म्हणून प्रत्येक धक्क्यावरचा माणूस आपापली पुरवणी त्यात जोडतो. एवढे पाठ्यपुस्तकात शिकवायचे तर चंद्र, पृथ्वी आणि बाण असलेली आकृती काढावी लागली असती. येथे बांबूवरच्या चार खुणा पुरल्या.

याच होडीविषयी माझी दुसरी आणि अधिक गंभीर तक्रार आहे. आम्ही सहा जण बसणार होतो आणि जीवरक्षक जॅकेटे दोनच होती, तीही मोठ्यांच्या मापाची. “खाडीत पाणी शांत असता” हे उत्तर मला मान्य नाही. आम्ही त्या सकाळी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वाडीतून लहान मापाची जॅकेटे आणली गेली तेव्हाच बसलो. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी हे आरक्षण करतानाच विचारून घ्यावे आणि गोड बोलण्यावर विसंबू नये. फेरी मात्र उत्तम झाली. सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, वेळी कांदळवनाच्या कडेला होडी थांबवून होडीवाल्याने धाकटीला तिवराचे पान चाटायला दिले. पानावर मिठाचे कण होते, कारण तिवर शोषलेले खारे पाणी पानांतून बाहेर टाकतो. कांदळाची लांब, शेंगेसारखी रोपे झाडावरच रुजून लोंबत होती. चिखलात बायका तिसऱ्या, म्हणजे खाण्याचे शिंपले, काढत होत्या. त्यांतील एकीने दोन्ही मुलींना पायांनी चाचपून तिसरी कशी शोधायची ते दाखवले आणि मिळालेल्या तिसऱ्यांपैकी बारीक तेवढ्या परत चिखलात टाकायला लावल्या. रत्नागिरीतल्या झाडगावच्या मत्स्यालयात देवमाशाचा सांगाडा आम्ही अनेकदा पाहिला आहे आणि तो पाहण्यासारखाच आहे. पण पायाच्या बोटांनी सापडलेली तिसरी ही वेगळीच गोष्ट आहे.

विजयदुर्गाची फेरी काकांनी सुचवली, सोबत आले मात्र नाहीत. किल्ल्यात भेटलेल्या एका वाटाड्याने आंग्र्यांच्या आरमाराची आणि १७५६ साली किल्ला इंग्रजांच्या हाती गेल्याची हकिगत रंगवून सांगितली, आणि ‘साहेबाचे कट्टे’ दाखवत लॉकियर साहेबाने १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात येथूनच हेलियमचा शोध लावला असे ठामपणे जाहीर केले. थोरलीने घरी हे वाचलेले होते. ते ग्रहण भारतातून दिसले हे खरे, परंतु त्या दिवशी सूर्याच्या वर्णपटातील पिवळी रेषा पाहणारा जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूर येथे होता. लॉकियर इंग्लंडमध्ये होता आणि त्याने ग्रहणाशिवायच, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, तशीच रेषा पाहिली. ती सोडियमची नसून एका नव्या मूलद्रव्याची आहे असे त्याने मानले, आणि पृथ्वीवर हेलियम प्रत्यक्ष हाती लागला तो १८९५ साली रॅमसेला. तिने हे नम्रपणे सांगितल्यावर वाटाडे थोडे नाराज झाले. मी तिला अडवावे की नाही, हे मला आजही ठरवता आलेले नाही. त्या संध्याकाळी आजींनी मीठ घातलेली पेज गॅसवर उतू गेली आणि निळी ज्योत एकदम पिवळी झाली, तेव्हा ‘सोडियम!’ असे दोघी एकाच वेळी ओरडल्या. आजींना वाटले काहीतरी भाजले.

स्वयंपाकघराविषयी थोडक्यात: जेवण साधे आणि ताजे, मासे त्या दिवशी जे मिळतील ते, सोलकढी रोज. रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, फोडून, सालींना पुन्हा पुन्हा रस आणि मीठ चोळून त्यांची आमसुले उन्हात वाळवण्याचे काम धाकटीने दोन दुपारी केले आणि तिच्या बोटांचा जांभळा रंग आठवडाभर गेला नाही. ओल्या काजूच्या चिकाने तिच्या मनगटावर फोड आला. हातमोजे द्यायला हवे होते, हे घरच्यांनीही मान्य केले. न्हाणीघरात उजेड अपुरा आहे, मोबाइलला रेंज फक्त खळ्याच्या एका कोपऱ्यात येते, आणि पंखा विजेच्या लहरीवर चालतो. मे महिन्याचा उकाडा सहन न होणाऱ्यांनी हिवाळ्यात जावे. पण तेव्हा मांगर रिकामा असेल.

निघताना आम्ही चार डझनांची एक पेटी विकत घेतली, थोरलीने स्वतः निवडून, वजन करून आणि गवतात रचून भरलेली. घरी ती आठ दिवसांनी उघडली. सत्तेचाळीस आंबे उत्तम निघाले. अठ्ठेचाळिसावा कापला तेव्हा आत पांढरट, आंबट, स्पंजासारखा गर होता. हा साका. हापूसला तो जडतो आणि बाहेरून ओळखता येत नाही. त्यापासून मुक्त अशी ‘रत्ना’ ही जात दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ साली काढली, तरीही बाजार हापूसच मागतो. थोरलीने काकांना फोन लावला आणि आपल्या पेटीत साका निघाल्याचे सांगून विचारले की हे आधी कळले असते का. पलीकडून अपेक्षित उत्तर आले, “ता माका ठावक नाय.” मग क्षणभर थांबून त्यांनी विचारले, “खयच्या झाडाचो होतो, बाय?”

तिने वही आणली. तिच्यात प्रत्येक आंब्याचे वजन होते, कोणत्या दिवशी काढला तेही होते. झाड लिहायचे राहिले होते.