दोन बाटल्यांचा संच: उंदराचे पिणे मोजतो, व्यसन घडवत नाही

मद्यावलंबनाच्या अभ्यासासाठी नागपुरातील आमच्या प्रयोगशाळेने एका स्थानिक पुरवठादाराकडून घेतलेला दोन बाटल्यांचा संच हिवाळ्यात आणि नंतर ऐन मे महिन्यातही वापरून झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. संचात पॉलिकार्बोनेटचा पिंजरा, दोन नळ्या टेकवता येतील असे जाळीचे झाकण, अंशांकित नळ्या, स्टीलच्या तोट्या आणि रबरी बुचे मिळतात. एका नळीत पाणी आणि दुसरीत पाणी मिसळलेला मद्यार्क ठेवायचा, कशातून किती प्यायचे ते उंदराने ठरवायचे आणि प्यायलेला मद्यार्क उंदराच्या वजनाच्या प्रमाणात मोजायचा, इतकी ही पद्धत सरळ आहे. पिंजरा आणि झाकण यांबद्दल तक्रार करण्यासारखे काही नाही.

प्रश्न तोट्यांचा आहे. २५ ग्रॅम वजनाचा उंदीर दोन तासांत किलोमागे ३ ग्रॅम मद्यार्क प्याला, तर २० टक्के द्रावणाच्या हिशेबाने त्याने जेमतेम अर्धा मिलिलिटर द्रव प्यायलेला असतो. म्हणजे तोटीतून गळलेला एकच थेंब निकालात सुमारे दहा टक्क्यांची चूक घालतो. या संचासोबत येणाऱ्या तोट्या साध्या, उघड्या तोंडाच्या आहेत, आणि झाकणाची उंची अशी की उंदराने तूस उकरून ढीग केला की तो थेट तोटीच्या टोकाला लागतो. आमच्याकडे बिछान्याला धानाचे तूस वापरतात. ते तोटीला टेकले की द्रव झिरपत राहतो आणि सकाळी नळी रिकामी दिसते. नोंदवहीत तेवढा उंदीर विक्रमी पिणारा ठरतो! आत पोलादी गोळी असलेल्या तोट्या वेगळ्या मागवून बसवल्यावर हा त्रास बराच कमी झाला.

नागपूरच्या उन्हाळ्याने दुसरी अडचण दाखवली. दुपारी वीज जाऊन वातानुकूलन बंद पडले की खोली तापते, नळीतील द्रवाच्या वरची हवा फुगते आणि द्रवाला तोटीतून बाहेर ढकलते. नळीत २० मिलिलिटर हवा असेल आणि तापमान पाच अंशांनी वाढले, तर सुमारे ०.३ मिलिलिटर द्रव उंदराने तोंड न लावताही बाहेर येऊ शकतो. यावर उपाय जुनाच आहे: त्याच खोलीत उंदीर नसलेला एक पिंजरा ठेवून त्यात तितक्याच भरलेल्या नळ्या लावायच्या आणि त्यांतील घट प्रत्येक नोंदीतून वजा करायची. याशिवाय नळ्यांच्या जागा रोज अदलाबदल कराव्या लागतात, कारण काही उंदरांना विशिष्ट बाजूच्या नळीचीच सवय असते. माहितीपत्रकात यातील एकाही गोष्टीचा उल्लेख नाही.

त्याच माहितीपत्रकात मात्र या संचाने ‘व्यसनाधीन उंदीर’ तयार होतात असा दावा ठळक अक्षरांत केलेला आहे, आणि माझा मुख्य आक्षेप तिथेच आहे. सी५७बीएल/६जे या वाणाचे उंदीर मद्यार्क आपणहून आवडीने पितात आणि डीबीए/२जे वाणाचे उंदीर तो टाळतात, हे १९५९ पासून माहीत आहे. पण मद्यार्क बंद केल्यावर येणारे झटके याच टाळणाऱ्या वाणात अधिक तीव्र असतात. पिण्याची ओढ आणि शरीराचे अवलंबित्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल. दिवसभर दोन्ही नळ्या खुल्या ठेवल्या तर उंदीर थोडे थोडे पितो, त्याचे यकृत मद्यार्क झपाट्याने पचवते आणि रक्तातील पातळी फार काळ चढलेली राहत नाही. म्हणूनच अंधार झाल्यावर तीन तासांनी पाण्याच्या जागी २० टक्के द्रावण देऊन ते तीन दिवस दोन तास आणि चौथ्या दिवशी चार तास ठेवण्याची पद्धत २००५ मध्ये मांडली गेली. तिच्यात सी५७ उंदरांच्या रक्तात मिलिलिटरमागे १ मिलिग्रॅमच्या वर मद्यार्क जाऊ शकतो. ही पद्धत या संचावर उत्तम चालते, मात्र खोलीतील प्रकाशचक्र उलटे (कामाच्या वेळेत अंधार) करावे लागते आणि वीज गेली की मागे पडणारे टायमर रोज तपासावे लागतात.

शारीरिक अवलंबित्व हवे असेल, तर मद्यार्काच्या वाफेच्या कक्षात उंदरांना रोज सोळा तास असे सलग चार दिवस ठेवून मधे विश्रांती देण्याची चक्रे घ्यावी लागतात. त्यानंतर पुन्हा दोन नळ्या दिल्या की पिणे वाढते, आणि ती वाढ मोजण्याचे काम हा संच चोख करतो. द्रावणात कडू क्विनाइन मिसळूनही उंदीर पीत राहतो का, ही चाचणीही यावर सहज होते. थोडक्यात, हे मोजमापाचे साधन आहे आणि तेवढ्यासाठीच विकत घ्यावे. स्विस अल्बिनो उंदरांवर त्याची परीक्षा करून निष्कर्ष काढू नयेत. हा वाण संमिश्र अनुवंशाचा असल्याने एकेका उंदराच्या पिण्यात फार तफावत पडते.

खरेदीपूर्वी संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची मंजुरी आणि शुद्ध मद्यार्कासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना या दोन्ही गोष्टी हाताशी असाव्यात. दारूबंदी असलेला वर्धा जिल्हा शेजारीच असल्यामुळे साठ्याच्या नोंदवहीकडे इथे कुणी हलक्याने पाहत नाही, आणि ते योग्यच आहे.

पुरवठादाराची सेवा तत्पर आहे, पण रबरी बुचे मद्यार्काने लवकर कडक होतात, म्हणून सिलिकोनची मागावीत. उंदीर नसलेल्या तुलनेच्या पिंजऱ्यासाठी लागणाऱ्या नळ्या आणि तोट्या पहिल्याच मागणीत धराव्यात, कारण आम्हाला नंतर आलेल्या तोट्यांचे छिद्र आधीच्या तोट्यांपेक्षा मोठे निघाले आणि त्यांची गळती एकमेकींशी ताडून पाहता आली नाही.