आमच्या एरियाचं ठाणं: तेच पोलीस, तीच गाडी, पण ठाणेदार बदलला आणि...

हॉटेलचे रिव्ह्यू सगळेच टाकतात, मी आज पोलीस स्टेशनचा टाकून राहिलो. नाव नाही लिहीत, नागपुरातलंच एक आहे एवढं समजून घ्या.

पहिला अनुभव डिसेंबर २०२४ चा. हिवाळी अधिवेशन सुरू होतं आणि नेमकी तेव्हाच पार्किंगमधून माझी बाईक गेली. सकाळी आठ वाजता ठाण्यात गेलो तर आत एक मुन्शी आणि खरखर करणारा वायरलेस, बाकी सगळे विधानभवनाकडे मोर्चांच्या बंदोबस्ताला. मुन्शी म्हणे, "भाऊ, कोण्या दोस्तानं नेली असंन, दोन दिवस पाहा." मग एक साधा अर्ज ठेवून घेतला, एफआयआर नाहीच, आणि इन्शुरन्सवाला तर एफआयआरशिवाय बोलायलाही तयार नाही. तपास अधिकारी कुठे विचारलं की उत्तर एकच, साहेब बंदोबस्तात आहेत. अधिवेशन काय अचानक आलं होतं का बाप्पा, दरवर्षी येते ना! ठाण्यात मागे कोण थांबणार, तक्रारी कोण घेणार हे आधी ठरवायला काय हरकत आहे?

तुमच्या कामाची गोष्ट सांगून ठेवतो. १ जुलै २०२४ पासून बीएनएसएस (सीआरपीसीच्या जागी आलेला, पोलीस तपासाचा नवा कायदा) लागू आहे, त्याच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्हा (म्हणजे बाईकचोरीसारखा, ज्यात पोलीस थेट तपास करू शकतात) कोणत्याही हद्दीतला असो, ठाण्याला नोंदवावा लागतो, कॉपी फुकट मिळते, तक्रार ऑनलाइन दिली तर ३ दिवसांत जाऊन सही करायची. तपास कुठपर्यंत आला ते ९० दिवसांत कळवणंही त्यांच्यावर आहे. मी हे सगळं वाचून परत गेलो तेव्हा कुठे गुन्हा दाखल झाला. बाईक अजूनही नाही मिळाली.

मग ठाणेदार बदलले. स्टाफ तोच, चार्लीच्या (बाईकवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांच्या) गाड्याही त्याच, सीटवर टेप लावलेल्या, म्हणून सुरुवातीला मला काही विशेष वाटलं नव्हतं. आमच्या एटीएमजवळ गस्तीची वही असते, रात्री चार्लीनं येऊन सही करायची. आमचा वॉचमन काका सांगत होता की आधी तीन-तीन रात्रींच्या सह्या एका दमात व्हायच्या, चहा पिता पिता. नवीन साहेब पहिल्याच आठवड्यात रात्री अडीच वाजता एकटेच येऊन उभे राहिले, वही पाहिली, वॉचमनला विचारलं की काल खरंच कोणी आलं होतं का, आणि गेले. ना आरडाओरडा, ना कोणाला झापणं. दुसऱ्या दिवसापासून सह्या वेळेवर आणि वेगवेगळ्या पेनानं, हाव, पेनही मी पाहिला!

दिवाळी २०२५ च्या आधी तर बीट अंमलदार स्वतः सोसायटीत आले, कोण कधी गावाला जाऊन राहिलं ते विचारून बंद राहणाऱ्या घरांची यादी केली, मागच्या भिंतीजवळचा बंद पडलेला लाइट दाखवला आणि दागिने लॉकरमध्ये ठेवा म्हणाले. घरफोडी झाल्यावर पंचनाम्याला येणारे पोलीस आम्ही पाहिले होते, आधी येणारे पहिल्यांदा पाहिले राजेहो. सुट्टी संपेपर्यंत आमच्या गल्लीत एकही कुलूप तुटलं नाही, आता ते यादीमुळे की नशिबानं हे तुम्हीच ठरवा, मी तर यादीलाच मार्क देईन.

नाराजी एकाच गोष्टीची आहे, हे सगळं एका माणसावर चालून राहिलं. २००६ मध्ये पोलीस सुधारणांच्या प्रकाश सिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं होतं की ठाणेदाराला किमान २ वर्षं एका जागी राहू द्या आणि तपासाचे पोलीस बंदोबस्ताच्या पोलिसांपासून वेगळे करा. दुसरी गोष्ट झाली असती तर माझा तपास अधिकारी मोर्चात दोरी धरून उभा नसता. पहिलीचं म्हणाल तर आमच्या साहेबांची बदली झाली, वर्षही पूर्ण नाही झालं.

रेटिंग सध्या ५ पैकी साडेतीन. नवीन साहेबांना येऊन पंधरा दिवस झाले. काल रात्री एटीएममधून पैसे काढताना वही उघडून पाहिली, मंगळवारची सही आहे, बुधवार-गुरुवार कोरे. वॉचमन काकाला विचारलं तर तो नुसता हसला.